पाय काढला, तरी आजार फुफ्फुसात कसा गेला?



आज आपण हाडाच्या कॅन्सरबद्दल बोलणार आहोत, आणि त्यातही एकाच प्रश्नाबद्दल. ज्या घरात हा आजार निघतो, तिथे हा प्रश्न येतोच. "गुडघ्याजवळ गाठ होती. डॉक्टरांनी ती काढली. कुणाचा तर पायच काढला. मग काही महिन्यांनी आजार छातीत कसा निघाला?"

याची उत्तरं लोक आपापली शोधतात. कुणी म्हणतं, तपासायला सुई टोचली तिथेच बिघडलं. कुणी म्हणतं, लोखंड लागलं म्हणून पसरलं. कुणी नशिबाला बोल लावतं. अशा बोलण्यामुळे पुढचं घरसुद्धा घाबरतं आणि त्यांच्या पोराचा उपचार लांबतो किंवा मध्येच सुटतो. म्हणून आज खरं उत्तर समजून घेऊ. ते पेशीच्या अंगावर असलेल्या बारीक बारीक आकड्यांमध्ये आहे.

आधी आजाराची ओळख करून घेऊ. हाडातच सुरू होणारे कॅन्सर वेगवेगळे असतात. मुलांमध्ये आणि तरुणांमध्ये त्यातला सगळ्यात जास्त दिसणारा म्हणजे ऑस्टिओसार्कोमा. साधारण १० ते २० या वयात, उंची भराभर वाढत असते तेव्हा तो जास्त आढळतो. गुडघ्याच्या वरचं मांडीचं हाड, गुडघ्याच्या खालचं नडगीचं हाड आणि खांद्याजवळचं दंडाचं हाड, या त्याच्या नेहमीच्या जागा. आजार दुर्मिळ आहे. जगभरात दर १० लाख लोकांमागे वर्षाला तीन-चार जणांनाच तो होतो. म्हणजे पोराचा गुडघा दुखला की लगेच छाती धडधडून घ्यायची गरज नाही. पण त्याची लक्षणं माहीत असायलाच हवीत. ती शेवटी सांगते.

आता पेशीकडे येऊ. आपलं शरीर पेशींचं बनलेलं आहे. मोहरीच्या दाण्याएवढ्या जागेत लाखभर तरी पेशी मावतील, इतक्या त्या लहान. प्रत्येक पेशीला बाहेरून एक पातळ पापुद्रा असतो, दुधावरच्या सायीसारखा. या पापुद्र्यात ठिकठिकाणी प्रथिनं रोवलेली असतात. त्यांचं एक टोक बाहेर आणि दुसरं आत. यांनाच पेशीच्या पृष्ठभागावरची प्रथिनं म्हणतात.

प्रथिन म्हटलं की आपल्याला डाळ, अंडी, शेंगदाणे आठवतात. इथे एक गोष्ट स्पष्ट करते. डाळ-अंडी खाल्ल्याने कॅन्सर वाढत नाही. आपण खातो ते प्रथिन पोटात फुटतं, त्याचे बारीक तुकडे होतात आणि त्यांतून शरीर आपल्याला हवी ती प्रथिनं घडवतं. उपचार चालू असलेल्या मुलाची डाळ-अंडी बंद केली तर तोच अशक्त होईल. तेव्हा त्याच्या ताटातून काही कमी करू नका.

तर ही पृष्ठभागावरची प्रथिनं काय करतात? शेतातून चालताना लुगड्याच्या काठाला गोखरू आणि कुसळं चिकटतात ना? गुळगुळीत प्लास्टिकच्या कागदाला ती तेवढी चिकटत नाहीत, कापडाला मात्र घट्ट बसतात. कारण गोखरूला आकडे आहेत आणि कापडाला धागे आहेत. दोन्ही असले की पकड बसते. पेशींचंही तसंच. एका पेशीवरचं प्रथिन दुसरीकडच्या ठरावीक गोष्टीलाच धरतं. कुलपाला त्याचीच किल्ली लागावी तसं.

अशा आकड्यांचं एक मोठं कुटुंब आहे. त्याला इंटिग्रिन म्हणतात. हे नाव १९८६ साली ठेवलं गेलं आणि ही प्रथिनं शोधून त्यांचं काम उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०२२ साली लास्कर पुरस्कार मिळाला. निरोगी शरीरात इंटिग्रिनचं काम चांगलंच आहे. हाडाची पेशी हाडाला धरून राहते ती त्यांच्याच जोरावर. ही पकड आत निरोपही देते, की तू तुझ्या जागेवर आहेस, जग. पकड सुटली की निरोप थांबतो आणि जागा सोडलेली निरोगी पेशी आपोआप मरून जाते. शरीराने लावलेली ही शिस्त आहे. हाडाची पेशी भटकत जाऊन छातीत हाड वाढवू लागली तर कसं चालेल?

कॅन्सरची पेशी ही शिस्त मोडते. ती आपले आकडे बदलते. काही कमी करते, काही वाढवते. जागा सुटली तरी ती मरत नाही. वाटेतली भिंत विरघळवणारे पाचक पदार्थ ती सोडते आणि गाठीतल्या बारीक रक्तवाहिनीत शिरते.

आता ती रक्तात आली. पुढे जाणार कुठे? पायातलं रक्त शिरांमधून आधी हृदयात येतं आणि तिथून थेट फुफ्फुसात जातं. फुफ्फुसातल्या सगळ्यात बारीक वाहिन्या आपल्या केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या असतात. कॅन्सरची पेशी त्याहून मोठी, म्हणून ती तिथे अडकते. पाटाच्या पाण्यात वाहत आलेला पालापाचोळा जाळीला अडकावा तशी. हाडाचा हा कॅन्सर बहुतेक वेळा आधी फुफ्फुसातच का निघतो, त्याचं हे पहिलं कारण.

पण अडकली म्हणजे रुजली असं नाही. पेरलेलं सगळंच कुठे उगवतं? इंग्लंडमधले स्टीफन पॅजेट नावाचे डॉक्टर होते. त्यांनी १८८९ साली स्तनाच्या कॅन्सरने मरण पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. आजार शरीरात सगळीकडे सारखा पसरत नाही, काही अवयवांतच जास्त रुजतो, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी याला बी आणि जमिनीची उपमा दिली. बी वाऱ्याबरोबर सगळीकडे जातं, पण मानवेल त्याच जमिनीत उगवतं. आपल्याला हे कुणी वेगळं समजवायला नको. पॅजेटना कळलेलं नव्हतं ते एवढंच, की बी आणि जमीन एकमेकांना ओळखतात कशी. ते पुढे शंभर वर्षांनी कळू लागलं. या ओळखीत पृष्ठभागावरच्या प्रथिनांचा मोठा हात आहे.

रक्तात उतरलेल्या पेशींपैकी शंभरातली एकही धड टिकत नाही, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. म्हणजे आपलं शरीर स्वस्थ बसलेलं नसतं. मग उरलेली एखादी कशी टिकते? ऑस्टिओसार्कोमाबद्दल संशोधकांना सापडलेल्या दोन गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट दाव्याची. बैल दाव्याने खुंट्याला बांधलेला असतो. दावं तुटलं तर खुंटा कितीही घट्ट असून उपयोग नाही. पेशीच्या बाहेर जे आकडे असतात त्यांनाही आतून दावं लागतं. पेशीच्या आत तिचा आकार धरून ठेवणारा सांगाडा असतो. त्या सांगाड्याला बाहेरचे आकडे बांधणाऱ्या एका प्रथिनाचं नाव एझ्रिन. बाहेर असलेलं सीडी-४४ नावाचं प्रथिन पेशींभोवतालच्या चिकट पदार्थाला धरतं आणि एझ्रिन त्याला आतून बांधून ठेवतं. हे दावं असलं की पेशीला पकड घेता येते, सरकता येतं, परक्या जागी तग धरता येतो.

चंद खन्ना हे अमेरिकेतले प्राण्यांचे कॅन्सरतज्ज्ञ. त्यांच्या गटाने २००४ साली यावरचं काम प्रसिद्ध केलं. ऑस्टिओसार्कोमा असलेल्या उंदरांच्या पेशींमधलं एझ्रिन त्यांनी कमी केलं, तेव्हा फुफ्फुसातला फैलाव घटला. कुत्र्यांनाही हा आजार होतो, विशेषतः मोठ्या अंगाच्या जातींना, आणि तो माणसांसारखाच वागतो. ज्या कुत्र्यांच्या गाठीत एझ्रिन जास्त होतं, त्यांच्यात आजार लवकर उलटला. मुलांच्या गाठी तपासल्या, तिथेही जास्त एझ्रिन म्हणजे जास्त धोका असंच दिसलं.

दुसरी गोष्ट पकडून देणाऱ्या खुणेची. पेशीच्या अंगावर फॅस नावाचं एक प्रथिन असतं. फुफ्फुसाच्या पेशींवर त्याची बरोबर जोडी असते. फॅस असलेली भटकी पेशी फुफ्फुसात आली आणि ही जोडी जुळली, की त्या पेशीला आतून मरणाचा निरोप जातो आणि ती स्वतःच संपते. म्हणजे फुफ्फुसाच्या दारात पहारा आहे. पण काही कॅन्सर पेशींवर फॅस अगदी कमी असतं किंवा नसतंच. खूणच नाही, मग पहारेकऱ्याने ओळखायचं कसं? अशा पेशी सुटतात आणि वाढतात. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात युजिनी क्लाइनरमन यांच्या गटाने हे दाखवलं. रुग्णांच्या फुफ्फुसातून काढलेल्या गाठी पाहिल्या तर त्यातल्या बऱ्याच गाठींमध्ये फॅस नव्हतं. उंदरांना श्वासातून औषध देऊन ही खूण परत आणता आली, तेव्हा फुफ्फुसातल्या गाठी कमी झाल्या.

याच ज्ञानावर जगभर औषधं शोधण्याचं काम चालू आहे. गाठीच्या पेशीवरचं एखादं प्रथिन हेरून नेमका तिथेच मारा करायचा, अशी कल्पना आहे. ऑस्टिओसार्कोमासाठी यातले बरेचसे उपचार अजून चाचणीच्या टप्प्यात आहेत. कुणी "नवं इंजेक्शन आलंय, केमो नको" असं सांगून पैसे मागत असेल, तर आधी कॅन्सरच्या मोठ्या सरकारी किंवा विश्वस्त रुग्णालयात विचारा.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे वळू. पाय काढला तरी आजार फुफ्फुसात कसा गेला? उत्तर असं, की तो आधीच गेला होता. पायाला सूज दिसली, एक्स-रे झाला, त्याच्याही आधी काही पेशी निघून फुफ्फुसात जाऊन बसल्या होत्या. तेव्हा त्या दिसत नव्हत्या, कारण सीटी स्कॅनला दिसण्याएवढा ठिपका व्हायला लाखो पेशी जमाव्या लागतात. ऑपरेशनने पसरवलं नाही. ऑपरेशनने पायातली गाठ काढली, छातीतलं अदृश्य बी तसंच राहिलं.

याला पुरावा आहे. १९७० च्या दशकाआधी या आजारावर फक्त पाय किंवा हात काढत असत आणि तरी दहातली आठ मुलं फुफ्फुसातल्या फैलावाने जात. पुढे अमेरिकेत एक चाचणी झाली. तिचा निकाल १९८६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना नुसतं ऑपरेशन मिळालं, त्यांच्यातले दोन वर्षांनी शंभरात १७ जणच आजाराविना होते. ज्यांना ऑपरेशनबरोबर केमोथेरपी मिळाली, त्यांच्यात हा आकडा ६६ होता. सुरुवातीला यातल्या कुणाच्याही छातीत काहीच दिसत नव्हतं. म्हणजे न दिसणारं बी होतंच, आणि ते केमोने मारता येत होतं.

मैत्रिणींनो, आजच्या बोलण्यातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. गाठ काढल्यावर पोरगं चालायला लागतं, हसायला लागतं. घरात पैसा संपलेला असतो, शेतीची कामं तुंबलेली असतात. केमोने केस गेलेले असतात, उलट्या होत असतात. मग घरात बोलणं होतं, "गाठ तर गेली, आता कशाला एवढ्या लांब जायचं?" हीच वेळ धोक्याची. ऑपरेशननंतरची केमो ही राहिलेल्या गाठीसाठी नसते, ती छातीत दडलेल्या पेशींसाठी असते. साधारणपणे आधी दोन-तीन महिने केमो, मग ऑपरेशन, मग पुन्हा केमो, असा सहा ते नऊ महिन्यांचा हा रस्ता आहे. शेवटचा पल्ला सोडला तर आधीचा सगळा त्रास वाया जाऊ शकतो.

पूर्ण उपचार झाले आणि सुरुवातीला कुठे फैलाव दिसत नसेल, तर दहापैकी सहा-सात मुलं पाच वर्षांनंतरही आपल्यात असतात. फुफ्फुसात आधीच दिसत असेल तर लढाई कठीण असते, पण दहापैकी दोन-तीन मुलं तरीही वाचतात. फुफ्फुसातले ठिपके थोडे असतील तर तेही ऑपरेशन करून काढता येतात. आणि आता बहुतेकांचा पाय काढावा लागत नाही. खराब हाड काढून तिथे धातूचा सांधा बसवता येतो. मात्र त्यासाठी वेळेवर पोचायला हवं.

आता उरलेल्या शंका.

सुई टोचून किंवा छोटा तुकडा काढून तपासणी केली की आजार पसरतो का? नाही. पसरायचं की नाही हे पेशीच्या अंगच्या गुणांवर ठरतं, ते आपण आत्ताच पाहिलं. ही तपासणी झाल्याशिवाय कोणता कॅन्सर आणि कोणतं औषध, हे कळत नाही. एक काळजी मात्र घ्यायची. जिथे पुढचं ऑपरेशन होणार, शक्यतो तिथेच ही तपासणी करायची. कारण सुई ज्या वाटेने गेली ती वाटही डॉक्टर ऑपरेशनमध्ये काढून टाकतात आणि त्यासाठी ती योग्य जागी असावी लागते.

कॅन्सर झालेल्या मुलाबरोबर जेवलं, झोपलं तर लागण होते का? नाही. याचंही उत्तर प्रथिनांतच आहे. प्रत्येकाच्या पेशींवर स्वतःची ओळख सांगणारी प्रथिनं असतात. एकाची पेशी दुसऱ्याच्या शरीरात गेली तरी ते शरीर तिला परकी म्हणून ओळखतं. शिवाय ती ताटातून किंवा अंथरुणातून जातच नाही. तेव्हा त्या मुलाचं भांडं वेगळं करू नका. त्याच्या बहिणीचं लग्न जमताना कुणी कुजबुज केली तर गटातल्या चार जणींनी पुढे होऊन बोला.

पडल्यामुळे कॅन्सर होतो का? मार लागल्याने हा आजार होत नाही. पडल्यावर पायाकडे लक्ष जातं आणि आधीपासूनचं दुखणं उघडं पडतं, म्हणून तसं वाटतं.

तेल लावून चोळलं, हाडवैद्याकडून बांधून घेतलं तर? असं करू नका. आत हाड पोखरलेलं असतं, ते मोडू शकतं. आणि बांधलेल्या पट्टीखाली महिने निघून जातात. त्या महिन्यांत बी छातीत पेरलं जातं.

आणखी एक. मोठ्या वयात हाडात कॅन्सर निघाला तर तो बहुतेक वेळा दुसरीकडून आलेला असतो. बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरमधून, पुरुषांमध्ये प्रोस्टेट किंवा फुफ्फुसातून. तिथेही पृष्ठभागावरची प्रथिनंच वाट दाखवतात. स्तनाच्या कॅन्सर पेशींवर एक प्रथिन असतं, ते हाडातून आणि फुफ्फुसातून निघणाऱ्या एका रसायनाचा माग काढतं. हे २००१ साली समोर आलं. म्हणून स्तनाच्या कॅन्सरचे उपचार झालेल्या बाईची पाठ किंवा कंबर सतत दुखत असेल, तर "कामाने दुखत असेल" म्हणून सोडू नका. तिच्या डॉक्टरांना सांगा.

आता लक्षणं. ही गटाच्या वहीत लिहून ठेवा.

दहा ते वीस वर्षांच्या मुलामुलीचं गुडघ्याजवळ किंवा खांद्याजवळ एकाच बाजूचं दुखणं दोन-तीन आठवड्यांत गेलं नाही.

दुखण्याने रात्री झोपेतून जाग येते.

त्या जागी सूज आहे आणि ती वाढत आहे.

मूल लंगडत आहे, किंवा किरकोळ पडण्याने हाड मोडलं.

वाढीच्या वयात मुलांचे पाय दुखतात हे खरं. पण ते दुखणं बहुतेक वेळा दोन्ही पायांत, कधी असतं कधी नसतं, सकाळी मूल खेळायला पळतं आणि सूज नसते. एकाच जागी ठाण मांडून बसलेलं दुखणं वेगळं. अशा वेळी आशाताईंना सांगा आणि ग्रामीण रुग्णालयात जाऊन एक एक्स-रे काढून घ्या. साध्या एक्स-रेमध्ये हा आजार बऱ्याचदा कळतो. शंका आली तर डॉक्टर मोठ्या ठिकाणी पाठवतील. मुंबईत परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ पासून कॅन्सरचं काम करतं. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन पहिल्याच दिवशी त्यांना भेटा.

आणि गट म्हणून आपण काय करू शकतो? गावात एखादं मूल केमोवर असेल तर पुढची तारीख गटाच्या वहीत लिहा. त्या दिवशी आई दवाखान्यात गेली तर तिची म्हैस कोण बघणार, धाकट्याला शाळेत कोण सोडणार, भाड्याला पैसे कमी पडले तर किती उसने द्यायचे, हे बैठकीत ठरवा. उपचार बहुतेक वेळा औषध नाही म्हणून सुटत नाहीत, घर ओढवत नाही म्हणून सुटतात. त्या आईला "आता कशाला जाता" असं विचारणारे पुष्कळ भेटतील. "पुढची तारीख कधी आहे गं?" असं विचारणारी तुम्ही व्हा.